रानमेवा : खाण्याचा आणि न खाण्याचा



चैत्र सरत आला की सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत करपून जाते, झरे आटतात, आणि नेमक्या याच रखरखीत दिवसांत रानाचे कोठार उघडते. करवंदीच्या जाळ्यांतील हिरवी फळे आधी तांबूस, मग जांभळी आणि शेवटी काळीभोर होतात. तोरणीला पांढऱ्या फळांचे घोस लागतात, टेंभुर्णी पिवळी पडते, मृगाच्या आधी आळू पिकतो आणि मृगाच्या सरींबरोबर जांभूळ येते. विदर्भातील जंगलांत चारोळी त्याच सुमारास हाती लागते. कसारा, कर्जत, खंडाळा, महाबळेश्वर या वाटांनी जाणाऱ्या प्रवाशांना पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसलेल्या स्त्रिया दिसतात. 'डोंगरची काळी मैना' ही त्यांची आरोळी तर शहरवासीयांच्याही कानांत बसलेली आहे. या फळांना मराठी भाषेने 'रानमेवा' हे नाव दिले. सुक्या मेव्याच्या पंक्तीला त्यांना बसविण्यात अतिशयोक्ती झाली, असे करवंद खाल्लेला कोणीही म्हणणार नाही.

आजच्या भाषणाचा विषय मात्र रानमेव्याची गोडी हा नाही. येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेवक जमलेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील एक बातमी वारंवार वाचली असेल : अमुक गावातील शाळकरी मुलांना चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्यामुळे विषबाधा; मुले रुग्णालयात दाखल; प्रकृती स्थिर. गावाचे नाव बदलते, मुलांची संख्या बदलते, बाकीचा मजकूर तोच राहतो. या बातमीत एक कोडे आहे. ज्या मुलांना करवंदाची जाळी कोठे आहे, कोणत्या जांभळीचे फळ गोड आणि कोणत्या जांभळीचे तुरट, हे शाळेतल्या कवितेपेक्षा चांगले पाठ असते, तीच मुले कुंपणावरचे एक फळ ओळखण्यात का फसतात?

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी रानफळांचे ज्ञान पूर्वी कसे दिले जात असे, हे प्रथम पाहावयास हवे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, गोंड, कोरकू अशा वनांच्या सान्निध्यात राहणाऱ्या समाजांत, तसेच घाटमाथ्यावरील आणि कोकणातील शेतकरी कुटुंबांत, मुलाला कोणी 'हे झाड खाण्याचे' एवढेच शिकवीत नसे. आजीबरोबर, आईबरोबर किंवा गुरे राखणाऱ्या थोरल्या भावाबरोबर हिंडताना त्याला संपूर्ण माहिती मिळे : कोणते झाड, त्याचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, आणि कशा रीतीने खावयाचा. या चारांपैकी एकही भाग गळला तर ज्ञान अपुरे राहते. आणि रानात अपुरे ज्ञान अज्ञानापेक्षा अधिक घातक ठरते, कारण अज्ञानी माणूस निदान हात आखडता घेतो.

बिब्ब्याचे उदाहरण घ्यावे. बिब्ब्याच्या काळ्या फळाच्या वर नारिंगी रंगाचा मांसल भाग असतो. तो पिकल्यावर, भाजून किंवा वाळवून, खाल्ला जातो. त्या काळ्या फळाच्या सालीत असलेले तेल अंगाला लागले तर बिब्बा 'उततो', म्हणजे कातडीवर फोड येतात. कपड्यांवर खुणा करण्यासाठी परीट जो न पुसणारा काळा रंग वापरीत तो याच तेलाचा. आणि त्या दाहक सालीच्या आत जी बी असते ती गोडंबी. ती डिंकाच्या लाडवांत पडते. एकाच फळात खाण्याचा, भाजण्याचा आणि पुन्हा खाण्याचा, असे तीन थर आहेत. 'बिब्बा खातात का?' या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देताच येणार नाही.

गुंजेची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. गुंजेचा पाला विड्यात घालतात. त्याने विड्याला गोडवा येतो. तिची लाल-काळी बी सोनाराच्या तराजूत वजन म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. परंतु त्याच बीमध्ये अॅब्रिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. कवच टणक असल्यामुळे अखंड गिळलेली बी कित्येकदा अपाय न करता शरीराबाहेर पडते. चावलेली, फोडलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी मात्र प्राण घेऊ शकते. घरातील कोणी 'लहानपणी गुंज गिळली होती, काही झाले नाही' असे सांगितले, तर ते खरे असू शकते. पण त्यावरून गुंज निरुपद्रवी ठरत नाही.

कामोणीच्या बाबतीत प्रश्न दिवसांचा आहे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या कुळातील हे लहानसे झुडूप शेताच्या बांधावर, उकिरड्याजवळ कोठेही उगवते. त्याची पूर्ण पिकलेली काळी फळे अनेक गावांत मुले खातात. तीच फळे हिरवी असताना विषारी असतात. खाल्ल्यास मळमळ, ओकारी आणि पोटदुखी होते. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, ती तर अमेरिका खंडातून शोभेचे झाड म्हणून येथे आणली गेली आणि पुढे तिने राने व्यापली. तिची काळी पिकलेली फळे पाखरांप्रमाणेच मुलेही खातात. हिरव्या फळांनी मात्र विषबाधा झाल्याचे नमूद आहे, आणि तिचा पाला खाऊन गुरांना कावीळ होते हे पशुवैद्यकांना चांगले ठाऊक आहे. हिरव्या-काळ्याचा भेद चार-पाच वर्षांच्या मुलाने अचूक पाळावा ही अपेक्षा धरणे योग्य नव्हे. अशा झाडाबाबत लहान मुलांना 'खाऊ नये' एवढेच सांगणे शहाणपणाचे.

हे संपूर्ण ज्ञान जेथे विरळ झाले, तेथे त्याची जागा काही सोप्या नियमांनी घेतली. हे नियम ऐकावयास समंजस वाटतात, म्हणूनच त्यांचा येथे विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला नियम असा की, पाखरू खाते ते माणसाला चालते. कोकणातील काजऱ्याचे झाड हा नियम मोडून काढते. काजऱ्याचे, म्हणजेच कुचल्याचे फळ पिकले की लहान संत्र्यासारखे गोल आणि नारिंगी दिसते. धनेश पक्षी ते आवडीने खातो. इतका की, हिंदी मुलखात या पक्ष्याला कुचल्यावरूनच नाव पडले आहे. वानरेही त्याचा गर खातात. त्या गरात रुतलेल्या नाण्यासारख्या चपट्या बियांत मात्र स्ट्रिक्निन हे विष असते आणि त्याने माणसाला धनुर्वातासारखे झटके येऊन मृत्यू ओढवतो. पाखराचे पोट वेगळे, त्याची खाण्याची रीतही वेगळी; ते गर पचवते आणि बी ओकून टाकते. मुलाच्या हाती फळ आले तर ते बी चावून पाहणारच.

दुसरा नियम असा की, ज्या झाडाला पांढरा चीक येतो ते विषारी. हा नियम मानला तर करवंद प्रथम वर्ज्य करावे लागेल. करवंदाच्या देठातून चीक येतो, कच्च्या फळातून येतो, पिकलेल्या फळातूनही ओठांना चिकटेल इतका येतो. मुले करवंद फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळतात, आतला गर लाल निघाला तर कोंबडा आणि पांढुरका निघाला तर कोंबडी, तेव्हा बोटे चिकानेच माखलेली असतात. आता याच्या उलट टोकाला जाऊन कोणी म्हणेल की, करवंद चालते तर त्याच्या जातकुळीतली इतर झाडेही चालतील. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने करवंदाचे सख्खे भाऊबंद म्हणजे कण्हेर आणि पिवळी कण्हेर. पिवळ्या कण्हेरीची हिरवी त्रिकोणी फळे, ज्यांच्या आतील बियांना बिट्ट्या म्हणतात, मुले खेळण्यासाठी गोळा करतात. त्या बियांतील विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर आघात करते. महाराष्ट्रातील उद्याने, देवळांची आवारे आणि रस्त्यांचे दुभाजक या कुळातील झाडांनी भरलेले आहेत. फुले सुंदर असतात, यात शंका नाही. परंतु बालवाडीच्या आवारात पिवळी कण्हेर लावणाऱ्याने फुलाबरोबर फळाचाही विचार करावयास हवा होता.

तिसरा नियम चवीचा : कडू ते विष, गोड ते अन्न. चंद्रज्योतीने याच नियमाचा आधार घेऊन मुलांना फसविले आहे. त्याकडे वळण्यापूर्वी एका जोडीचा उल्लेख करावयास हवा, कारण तिच्यात ओळखीची खरी कसोटी लागते. ही जोडी म्हणजे आळू आणि गेळा. येथे अभिप्रेत असलेला आळू भाजीचा नव्हे, तर डोंगरातील काटेरी झाडाचा. आळू आणि गेळा दोन्ही एकाच कुळातील, दोन्ही काटेरी, दोन्हींची फळे लहान पेरूच्या किंवा लिंबाच्या आकाराची. आळूची फळे पिकली की तपकिरी होतात. पेंढ्यात किंवा गवतात घालून ती मऊ करतात आणि मग आंबटगोड गर खातात. गेळा म्हणजे आयुर्वेदातील मदनफळ. वमनासाठी, म्हणजे ओकारी करविण्यासाठी, वैद्य ज्याला प्रथम स्थान देतात ते हेच फळ. मासे गुंगविण्यासाठी ओढ्याच्या डोहात टाकले जाते तेही हेच. दोन्हींतील फरक फळाच्या टोकाशी दिसतो. गेळ्याच्या माथ्यावर फुलाचा हिरवा पुष्पकोश मुकुटासारखा टिकून राहतो, आणि फोडले असता आत बारीक बियांचा गोळा असतो. आळूच्या माथ्यावर केवळ वण असतो, आणि आत चार-पाच कठीण आठळ्या निघतात. ही खूण माहीत असलेली म्हातारी अंधारातही बोट फिरवून आळू निवडील. माहीत नसलेल्याने अंदाज करू नये.

आता चंद्रज्योत. तिचे जुने नाव मोगली एरंड. मूळची ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, फांदी खोचली की ती जगते, म्हणून शेताचे आणि शाळेचे कुंपण करावयास ती सोयीची. बियांचे तेल दिव्यात जळते; नावातील ज्योत बहुधा तीच. तत्कालीन नियोजन आयोगाच्या जैवइंधनविषयक समितीने २००३ साली आपल्या अहवालात या झाडावर मोठा भर दिला. पडीक जमिनीवर लावावे, डिझेलला पर्याय मिळेल, अशी अपेक्षा देशभर निर्माण झाली, आणि अनेक राज्यांत लागवडी झाल्या. उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही, योजना मागे पडल्या; झाडे मात्र उभी राहिली. कोणत्याही योजनेत तेलाच्या उत्पन्नाचा हिशेब होतो तसा फळ खाणाऱ्या मुलांचाही व्हावयास हवा, एवढे येथे नमूद करून पुढे जाणे इष्ट.

चंद्रज्योतीचे फळ आधी हिरवे, मग पिवळे, पुढे काळसर होऊन वाळते. आत साधारणतः तीन काळ्या बिया असतात. बी फोडली की पांढरा मगज निघतो आणि तो शेंगदाण्यासारखा, किंचित गोड लागतो. येथेच घात होतो. मुलाची जीभ त्याला सांगते की हे अन्न आहे. शिवाय ही बी झाडावरून सहज हाती येते, शाळेच्या सुट्टीत येते, आणि एकाने खाल्ली की दुसऱ्याला वाटली जाते. म्हणून विषबाधा एका मुलाला न होता एकदम दहा-वीस मुलांना होते. बियांत करसिन हे प्रथिन आणि फोरबोल एस्टर नावाची संयुगे असतात. उष्णतेने करसिन निष्प्रभ होते, परंतु फोरबोल एस्टर भाजण्याने नाहीसे होत नाहीत. तेव्हा 'भाजून खाल्ल्या तर चालतात' हा समजही टाकून द्यावयास हवा. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून काही तासांच्या आत घशात आग, ओकाऱ्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. वेळेवर शरीरातील पाणी भरून काढले तर बहुतेक मुले एक-दोन दिवसांत बरी होतात. पण शरीर सुकून जाण्याचा धोका लहान मुलांना अधिक असतो आणि घाटातील वाडी-पाड्यांवरून रुग्णालय दूर असते.

कोड्याचे उत्तर आता स्पष्ट व्हावे. करवंद, आळू, बिब्बा, गेळा यांची ओळख पिढ्यांच्या अनुभवातून आली. चंद्रज्योत त्या मानाने परकी. ती रानात नसून कुंपणात आहे, आणि कुंपणाबद्दल आजीने काही सांगितलेले नसते. त्यातच मूल आजीबरोबर रानात जाते तरी किती? आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, मूल आश्रमशाळेत राहते, उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर डोंगराशी त्याचा संबंध खिडकीपुरता. रानफळांची हौस त्याला रक्तातून मिळालेली असते. ओळख तशी मिळत नाही.

शाळेत असा प्रसंग उद्भवला तर काय करावे, याविषयी थोडे स्पष्ट सांगितले पाहिजे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नये. मिठाचे प्रमाण वाढून, किंवा ओकारी श्वासनलिकेत जाऊन, मूळ विषाहून मोठा अपाय होतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्या झाडाचे फळ खाल्ले त्याची पानाफळांसह डहाळी आणि उरलेल्या बिया कागदात गुंडाळून बरोबर द्याव्यात. डॉक्टरांना याहून मोठी मदत नाही, कारण चंद्रज्योतीचा उपचार वेगळा, धोत्र्याचा वेगळा आणि पिवळ्या कण्हेरीचा त्याहून वेगळा. तोंड कोरडे पडून, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन मूल बरळू लागले तर धोत्र्याचा संशय घ्यावा. पिवळी कण्हेर किंवा गुंज पोटात गेली असेल तर मूल हसतखेळत असले तरी त्याला रुग्णालयात न्यावे. गुंजेची लक्षणे कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू लागतात. आणि केवळ ओकणाऱ्या मुलांना नव्हे, तर ज्यांनी ज्यांनी ती बी तोंडात घातली त्या सर्वांना न्यावे. यासाठी मुलांनी खरे सांगणे आवश्यक असते. ज्या वर्गात छडी आधी उगारली जाते, त्या वर्गात 'मी नाही खाल्ली' असे सांगणारा मुलगा संध्याकाळी घरी जाऊन लोळू लागतो. चौकशी प्रेमाने करावी. रागवावयाचे असेल तर त्याला पुढे पुष्कळ दिवस आहेत.

या सगळ्यावरून 'मुलांनी रानातले काहीच खाऊ नये' असा निष्कर्ष काढणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत नुकसानीचे. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलाला बोरन्हाण घालणाऱ्या समाजाने रानफळांना अस्पृश्य ठरवावे हे चमत्कारिकच होईल. शिवाय अनेक कुटुंबांचा उन्हाळ्यातला रोख पैसा याच फळांतून येतो. वनहक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या अधिनियमाने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा वननिवासींचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. ज्याचा हक्क आहे त्याची ओळख पुढच्या पिढीत पुसली गेली तर हक्क कागदावर राहील. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही करावयाची असते. या नोंदवहीत खाण्याच्या फळांइतकीच न खाण्याच्या फळांची, त्यांच्या स्थानिक नावांसह आणि ओळखीच्या खुणांसह, नोंद व्हावी. ती माहिती सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया बहुधा सभेत मागे बसतात. त्यांना पुढे बोलवावे लागते. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात ही चांगली गोष्ट आहे, पण करवंद, तोरण, आळू यांचा हंगाम तोवर संपून गेलेला असतो. मे महिन्यात, मुले गावी असताना, अशा एखाद्या जाणत्या स्त्रीबरोबर मुलांची अर्ध्या दिवसाची फेरी काढता येण्यासारखी आहे. करवंदीच्या जाळीत हात घालण्याआधी काठीने चाळवावे, कारण कोकणच्या कातळावर फुरसे असते, हेही ती स्त्री न विचारता सांगेल. बांधावर तणनाशक मारले असेल तर त्या बांधावरचे फळ घेऊ नये, ही मात्र तिच्या लहानपणी नसलेली गोष्ट आहे. ती शिक्षकांनी सांगावी.

उरला प्रश्न शाळेच्या कुंपणाचा. चंद्रज्योत उपटून काढल्यावर गुरांपासून संरक्षण कशाने करावयाचे, असे मुख्याध्यापक विचारतील आणि ते रास्त आहे. उत्तर डोंगरावरच उभे आहे. करवंदी सदाहरित असते, दुहेरी काट्यांची असते, गुरे तिच्या वाटेला जात नाहीत, आणि एकदा मुळे धरली की पाण्यावाचून उन्हाळा काढते. तिच्या बियांची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. म्हणून मेअखेरीस पूर्ण पिकलेल्या काळ्या फळांतून बिया काढून, गर धुऊन, त्या लगेच पिशव्यांत पेराव्यात. पहिल्या पावसाळ्यात रोपे अगदी लहान असतात. ती शाळेच्या ओट्यावर सांभाळावीत आणि पुढच्या मृगात कुंपणाच्या रेषेवर हात-दीड हाताच्या अंतराने लावावीत. जुनी चंद्रज्योत तोडताना ती मुळासकट काढावी, कारण जमिनीत राहिलेला बुंधा पुन्हा फुटतो आणि तोडून टाकलेली ओली फांदीही पावसात मूळ धरते. हे काम फळे धरण्याच्या आधी, ज्येष्ठातच उरकावे.